ऐझॉल एफसी, जानेवारी २०१७: कागदावर कुठेच नसलेला संघ

(पॉडकास्टच्या भागाचं लेखी रूप)

हंगाम सुरू व्हायच्या आधी ते व्हिडिओ येतात ना, ‘संघ कसा आहे, कोण चालणार, कितव्या नंबरवर येणार’ छापाचे? आज आपण तसाच एक अंदाज मांडणार आहोत, पण जुन्या हंगामाचा. तारीख धरा जानेवारी २०१७ चा पहिला आठवडा. लीग आपली भारतातली, आय-लीग. संघ मिझोरामचा ऐझॉल एफसी. पुढे काय झालं हे काही जणांना माहीत असेल, तरी ते जरा बाजूला ठेवा. त्या आठवड्यात उभं राहून बघू, काय दिसत होतं ते.

मुळात हा संघ लीगमध्ये कसा?

पहिली गंमत इथेच आहे. २०१५-१६ च्या हंगामात आय-लीगमध्ये नऊ संघ होते. ऐझॉल आठवा आला. नववा, म्हणजे शेवटचा आला तो पुण्याचा डीएसके शिवाजियन्स. मग खालच्या डिव्हिजनमध्ये कोण जायला हवं? शेवटचा. पण शिवाजियन्सला कॉर्पोरेट एंट्री होती, म्हणजे पैसे भरून थेट प्रवेश, आणि अशा संघाला सुरुवातीला रेलिगेशन लागू नव्हतं. त्यामुळे आठवा आलेला ऐझॉल खाली गेला. सेकंड डिव्हिजन खेळून, जिंकून वर आलेला संघ पहिल्याच वर्षी बाहेर.

आणि हा संघ काही अगदीच कच्चा नव्हता बरं का. त्याच मोसमात फेडरेशन कपमध्ये त्यांनी लीगविजेत्या बेंगळुरूला बाहेर काढलं आणि थेट फायनल गाठली. तिथे मोहन बागानने ५-० ने धुतलं, ते वेगळं.

मग ऐझॉल परत आला कसा? गोव्यामुळे! २०१६ मध्ये फुटबॉल महासंघाने भारतीय फुटबॉलची नवी रचना मांडली. आयएसएल सगळ्यात वरची लीग, आय-लीग तिच्या खाली आणि खालून वर जायचा रस्ता नाही. निषेध म्हणून गोव्याचे धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा, हे तिन्ही क्लब बाहेर पडले. धेंपो म्हणजे पाच वेळा देशाची लीग जिंकलेला क्लब, लहानसहान नाव नाही. जागा रिकाम्या झाल्या आणि ऐझॉलला परत बोलावलं गेलं.

म्हणजे अंदाजाची पहिली ओळ काय? ‘हा संघ इथे असायलाच नको होता.’

कोच: मुंबईने सोडलेला माणूस

खालिद जमील. जन्म कुवेतचा, १९७७ चा. भारताकडून खेळलेला मिडफिल्डर, पण फुटबॉलमधलं घर म्हणाल तर मुंबई. २००९ पासून सात वर्षं मुंबई एफसीचा कोच. (मुंबई एफसी आणि मुंबई सिटी हे दोन वेगळे क्लब, गल्लत नको. मुंबई एफसी आय-लीगवाला, कूपरेजवर खेळणारा.) त्या सात वर्षांत कमी पैशात चालणारा मुंबई एफसी एकदाही रेलिगेट झाला नाही. पण चॅम्पियनही नाही झाला. खेळ बचावाचा, बघायला फार मजा नाही, अशी टीका कायम. २०१६ मध्ये क्लब आणि खालिद वेगळे झाले.

आता अंदाजवाल्याच्या नजरेने बघा. ज्या कोचची ख्याती ‘संघ बुडू देत नाही’ एवढीच, तो आला की तुम्ही काय लिहाल? ‘ऐझॉल यंदा कसाबसा टिकेल.’ बस.

खेळाडू: दुसऱ्यांच्या यादीत खाली असलेले

खालिदने येताना मुंबईतली ओळखीची पोरं आणली. राइट बॅक आशुतोष मेहता. मधल्या फळीत जयेश राणे, मुंबईचाच, खालिदच्या हाताखाली मुंबई एफसीत तयार झालेला. गोलमध्ये गोव्याचा अल्बिनो गोम्स, तोही मुंबई सिटीकडून लोनवर, म्हणजे हंगामापुरता उसना. गंमत बघा, गोव्याचे क्लब लीगमधून गेले, पण गोव्याचा गोलकीपर मिझोरामच्या गोलपोस्टखाली उभा.

परदेशी चार. त्यातलं महत्त्वाचं नाव महमूद अल-अमना, सीरियाचा. हा संघाचा मेंदू. धावण्यापेक्षा पासवर भर, बॉल त्याच्याकडे गेला की खेळ शांत व्हायचा. त्याच्या मागे लायबेरियाचा आल्फ्रेड जरियन, बचावात नायजेरियाचा किंग्सली, पुढे आयव्हरी कोस्टचा कामो बायी. तेव्हा यातलं एकही नाव पोस्टरवर छापून तिकीट विकता येईल असं नव्हतं.

आणि उरलेला संघ मिझो पोरांचा. लालरुआत्थारा, झोमिंगलियाना राल्टे, ब्रँडन, लालदानमाविया, लालरामचुलोवा. इथे थोडं थांबू, कारण अंदाज चुकला तो इथेच. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या मिझोरामची लोकसंख्या साधारण अकरा लाख, म्हणजे एकट्या पिंपरी-चिंचवडपेक्षा कमी. पण २०१२ मध्ये त्यांनी स्वतःची मिझोराम प्रीमियर लीग सुरू केली. सामने टीव्हीवर, गावोगावचे क्लब. दोन वर्षांत, २०१४ ला, मिझोरामने संतोष ट्रॉफी जिंकली. म्हणजे ही पोरं आकाशातून पडलेली नव्हती. एक व्यवस्था नीट चालत होती, फक्त कोलकात्यात, मुंबईत बसून ती दिसत नव्हती.

तेव्हाच्या बातम्यांत संघाचं बजेट साधारण दोन कोटी सांगितलं जायचं. आयएसएलमध्ये तेवढे पैसे एकाच चांगल्या परदेशी खेळाडूवर जायचे.

मग प्रत्यक्षात?

७ जानेवारी, पहिला सामना कोलकात्याजवळ बारासातला, ईस्ट बंगालविरुद्ध. १-१ बरोबरी. ‘चला, बरी सुरुवात’ असं म्हणून लोक विसरले. पण ऐझॉल वरून खाली आलाच नाही. २२ एप्रिलला, शेवटून दुसरा सामना, घरच्या मैदानावर मोहन बागानशी. दोघंही विजेतेपदाच्या शर्यतीत. ८३ व्या मिनिटाला बचावपटू झोमिंगलियाना राल्टेने हेडर मारला. १-०.

शेवटचा सामना ३० एप्रिलला शिलाँगमध्ये, लाजाँगविरुद्ध. हवा होता एकच गुण. तर नवव्याच मिनिटाला लाजाँगच्या डिकाने गोल केला. तिकडे कोलकात्यात बागान चेन्नई सिटीला हरवायच्या मार्गावर. ऐझॉलहून डोंगररस्त्याने आलेले हजारो लोक स्टेडियममध्ये जीव मुठीत धरून. ६७ व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली आणि ती टिकली. ऐझॉल ३७ गुण, मोहन बागान ३६. ईशान्य भारतातला पहिला क्लब जो देशाची लीग जिंकला.

आणि तळाला कोण? मुंबई एफसी. शेवटच्या नंबरवर, रेलिगेट. त्यानंतर तो क्लबच बंद पडला. शिवाजियन्सही पुढच्या हंगामात आय-लीगमध्ये नव्हता. खालिदला सोडणारा क्लब आणि नियमाने वाचलेला क्लब, दोन्ही गेले.

गोष्ट इथे संपत नाही

सिनेमा असता तर इथे नावं वर सरकायला लागली असती. पण खरा प्रश्न पुढचा आहे. चॅम्पियन झालात, आता वर कुठे जायचं?

त्याच उन्हाळ्यात आयएसएलमध्ये दोन नवे संघ घेतले. आय-लीगमध्ये चौथा आलेला बेंगळुरू आणि नव्याने उभा राहणारा जमशेदपूर. दोघांच्याही मागे मोठे उद्योगसमूह आणि प्रवेश बोली लावून. पहिला आलेला ऐझॉल बाहेरच. क्लबने निषेध केला, उपोषणाचा इशारा दिला. उपयोग झाला नाही. मिळाली ती आशियाई चॅम्पियन्स लीगची पात्रता फेरी. जानेवारी २०१८ मध्ये इराणच्या झोब आहनकडून ३-१ हरले.

तोवर संघ फुटला होता. खालिद, अल-अमना, ब्रँडन, चुलोवा ईस्ट बंगालला. राणे आणि मेहता एटीकेला. लालरुआत्थारा केरळला, अल्बिनो दिल्लीला. त्यांना दोष कसा देणार? आपण कंपनी बदलतो तेव्हा हेच करतो, जिथे पगार आणि पुढचा रस्ता आहे तिथे जातो. चॅम्पियन क्लबकडे पुढचा रस्ताच नव्हता.

म्हणून मला वाटतं, कुठल्याही क्लबचं भवितव्य बघताना आपण तीन गोष्टी तपासतो, खेळाडू, कोच, पैसा. चौथी राहून जाते, ती म्हणजे दार. नियमाने आठव्याला बाहेर काढलं आणि नियमानेच पहिल्याला वर घेतलं नाही. मधल्या १८ सामन्यांत ऐझॉलच्या हातात जेवढं होतं, तेवढं त्यांनी केलं.

ते दार शेवटी उघडलं. २०२३ मध्ये पंजाब एफसी आय-लीग जिंकून आयएसएलमध्ये गेला, असा पहिला क्लब. ऐझॉलनंतर सहा वर्षांनी. आणि खालिद? ऑगस्ट २०२५ मध्ये तो भारतीय संघाचा कोच झाला. माणूस वर गेला, क्लब नाही गेला.

आता हे आपल्याकडे आणून बघा. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध खंडोबा म्हटलं की काय गर्दी होते, माहितीये ना? फुटबॉलचं वेड ऐझॉलइतकंच. मग कोल्हापूरचा क्लब देशाच्या लीगमध्ये का नाही? पोरं कमी पडतात, की मिझोरामने २०१२ मध्ये उभी केली तशी व्यवस्था कमी पडते? कोल्हापूरकरांनो, तुमचं मत कमेंटमध्ये नक्की लिहा. तुमच्या पेठेतला कुठला खेळाडू वर जायला हवा होता, तेही सांगा. पुढच्या भागात भेटूच!