सागाच्या मुलखातली विद्या

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहून द्या, असा भगिनींचा आग्रह झाला, तेव्हा रेणुकामातेविषयी लिहावे असे प्रथम मनात आले. पण आईच्या गडाविषयी आजवर पुष्कळांनी लिहिले आहे. आपल्या या रानात उच्च शिक्षण कसे येऊन पोहोचले, हे मात्र आपल्या मुलींना कोणी सांगत नाही. म्हणून तोच विषय घेते.

माहूर-किनवटचा मुलूख सागाचा. पैनगंगेच्या अलीकडे-पलीकडे साग, मोह आणि तेंदू यांचे रान. त्यात गोंड, कोलाम, आंध, परधान आणि बंजारा लोकांची वस्ती. माझे वडील एका लाकडाच्या वखारीत हिशेब लिहीत. कूप तुटले की ओंडक्यांची लांबी-गोलाई मोजायची, हातोड्याचा ठसा मारायचा, मग लिलाव. सागवान परगावच्या माड्यांना गेले, तेंदूपत्ता विडीच्या कारखान्यांना गेला. रानातल्या माणसाच्या हाती मजुरी तेवढी राहिली. वडिलांच्या वहीत प्रत्येक ओंडक्याची नोंद असे. गावातल्या किती मुली शाळेतून गळाल्या, याची नोंद कोठेच नसे.

निजामाच्या अमदानीत मराठवाड्याला कॉलेज म्हणजे औरंगाबादचे, १९२३ साली निघालेले इंटरमीजिएट कॉलेज. पुढची पदवी घ्यायची तर हैदराबादेस जावे लागे, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिकवण्याची भाषा उर्दू. १७ सप्टेंबर १९४८ रोजी आपण मुक्त झालो आणि दोनच वर्षांत, १९५० साली, नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले. ज्यांनी स्वातंत्र्याचा लढा लढवला ते स्वामी रामानंद तीर्थ मूळचे शिक्षकच. शाळा-कॉलेज हा त्या लढ्याचाच पुढचा भाग, अशी त्या पिढीची समजूत होती. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले.

त्या वेळी किनवटचा मुलूख आपल्या जिल्ह्यात नुकताच आला होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत तो आदिलाबाद जिल्ह्यात होता. नांदेडपासून माहूर सव्वाशे किलोमीटर, मधे रान आणि घाट. त्यामुळे नांदेडला दिवा लागला तरी त्याचा उजेड इकडे पोहोचायला फार काळ गेला.

१९७४ साली मी मॅट्रिक झाले. गावात कॉलेज नव्हते. बाहेरगावी ठेवावे तर ऐपत नाही, रोज जावे तर वडील म्हणत, “बाई, संध्याकाळची यष्टी चुकली तर तू रात्री कुठं राहशील?” याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. याच माहूरच्या रायबागन सावित्रीबाई १६६१ साली उंबरखिंडीच्या लढाईत मोगलांच्या फौजेबरोबर होत्या, हे आमच्या घरात कौतुकाने सांगत. मला मात्र पुढच्या गावापर्यंत जाता आले नाही. वडिलांना मी दोष देत नाही. त्यांची भीती खोटी नव्हती.

पुढे १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले. ज्यांची शाळा सुटली त्यांना पूर्वतयारीची परीक्षा देऊन पदवीला बसता येते, हे कळले तेव्हा माझी मुले मोठी झाली होती. पोळ्या आटोपून कंदिलापाशी वाचले आणि चाळिशीत बी. ए. झाले. निकाल पाहून वडील काही बोलले नाहीत. त्यांनी तो कागद देवापुढे नेऊन ठेवला.

१७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वामीजींच्याच नावाने विद्यापीठ स्थापन झाले. किनवटला त्या विद्यापीठाचे आदिवासी विकास व संशोधन केंद्र आहे; त्याला माजी खासदार कै. उत्तमराव राठोड यांचे नाव आहे. किनवटला बळीराम पाटील महाविद्यालय आहे, आणि आपल्या माहुरातही श्री रेणुकादेवी महाविद्यालय आहे. कॅनडाच्या उत्तरेकडे तेलाच्या आणि लाकडाच्या गावांतूनही अशी लोकांची महाविद्यालये आहेत, तेथे कामगार व गृहिणीही शिकतात, असे वाचले तेव्हा आपलेपणा वाटला. ज्या गावाचा माल बाहेर जातो, त्या गावात विद्या तरी मुक्कामाला राहिली पाहिजे.

परंतु इमारत उभी राहिली म्हणजे काम संपले, असे नाही. तांड्यावरून आणि पोडावरून कॉलेजपर्यंत यायला आजही यष्टी लागते, आणि संध्याकाळी परत जायलाही लागते. म्हणून भगिनींना माझी एवढीच विनंती आहे: या वर्षी हळदीकुंकवाला घरोघर जाल, तेव्हा दहावी-बारावीनंतर घरी बसलेल्या मुलींची नावे एका वहीत लिहून आणा. परतीच्या यष्टीसाठी आगाराकडे अर्ज करायचा तर ती वही सोबत लागेल. आणि ज्या मुलीची गाडी चुकेल, तिला रात्री थांबायला माझे घर आहे. तुमचेही असू द्या.