क्रमिक द्वारे, संगणकाची

क्रमिक द्वारे, संगणकाची : माहितीचे बिट एकाच तारेवरून एकामागून एक पाठविण्यासाठी व घेण्यासाठी संगणकाला दिलेली जोडस्थाने. मापन उपकरणे, मोडेम, वजनकाटे, कारखान्यांतील नियंत्रक इत्यादींशी संगणकाचा संवाद अनेक दशके या द्वारांतून होत आला आहे.

या पद्धतीचा पूर्वज तारायंत्र होय. मुंबई शहर १८५४ मध्ये तारेने आग्रा व कलकत्ता यांना जोडले गेले. पुढे दूरमुद्रक आला. प्रत्येक अक्षराच्या आधी प्रारंभखूण व नंतर समाप्तिखूण पाठविण्याची त्याची रीत संगणकाने जवळजवळ जशीच्या तशी उचलली. लिनक्स परिचालन प्रणालीत (१९९१) अशा द्वारांची नावे ‘टीटीवाय’ या अक्षरांनी सुरू होतात. हा ‘टेलिटाइप’ या दूरमुद्रकाच्या नावाचा संक्षेप आहे. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. ही अक्षरे मात्र टिकून आहेत.

‘आरएस-२३२’ हे मानक अमेरिकेत १९६० मध्ये प्रसिद्ध झाले. आयबीएमच्या वैयक्तिक संगणकात (१९८१) प्रत्येक क्रमिक द्वाराला ठराविक पत्ता असे. त्यामुळे अशा संगणकावर लिनक्समधील ‘टीटीवायएस०’ हे नाव नेहमी एकाच द्वाराचे राही. (क्रमिक संदेशवहन मंदच असते, हा समज बरोबर नाही. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ मध्ये तयार केलेल्या ‘परम ८०००’ महासंगणकातील ट्रान्सप्युटर एकमेकांना क्रमिक दुव्यांनीच जोडलेले होते.)

यूएसबी हे मानक १९९६ मध्ये आले. ते घडविणाऱ्या इंटेलमधील अभियंत्यांत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर अजय भट्ट हे प्रमुख होते. हळूहळू नऊ टाचण्यांचे जुने द्वार संगणकावरून नाहीसे झाले. उपकरणे मात्र संगणकापेक्षा दीर्घायुषी असतात. ती टाकून देणे परवडण्यासारखे नव्हते, म्हणून दोहोंमध्ये दुभाष्याचे काम करणारा यूएसबी-सीरियल अडॅप्टर प्रचारात आला.

येथेच खरी अडचण उद्भवली. यूएसबी उपकरणाला कायमचा पत्ता नसतो. लिनक्सला जो अडॅप्टर आधी सापडेल तो ‘टीटीवाययूएसबी०’, नंतरचा ‘टीटीवाययूएसबी१’. संगणक पुन्हा सुरू केल्यावर हा क्रम बदलू शकतो. एखादा अडॅप्टर क्षणभर सुटला आणि त्याचे जुने द्वार एखाद्या कार्यक्रमाने उघडेच धरले असेल, तर परत जोडल्यावर त्याला नवा क्रमांक मिळतो. अडॅप्टर एकच असेल तर हे खपून जाते. चारपाच असले, की एका यंत्रासाठीची आज्ञा दुसऱ्याच यंत्राकडे जाते. दुसऱ्या यंत्राला ती कळली नाही तर बरे. कळली तर नुकसान होते. दोन्ही यंत्रे एकाच जातीची असतील, तर त्यांच्या नोंदींची अदलाबदल कित्येकदा कोणाच्या लक्षातही येत नाही.

यावर उपाय म्हणून ग्रेग क्रोआ-हार्टमन व इतरांनी २००३ मध्ये ‘यूडेव्ह’ ही व्यवस्था पुढे आणली. उत्पादक क्रमांक, वस्तू क्रमांक व अनुक्रमांक यांवरून ती प्रत्येक अडॅप्टरला स्थिर नाव देते. ही नावे ‘बाय-आयडी’ या निर्देशिकेत मिळतात. एफटीडीआय या स्कॉटिश कंपनीच्या चिपमध्ये सहसा स्वतंत्र अनुक्रमांक असतो. सीएच३४० या स्वस्त चिनी चिपमध्ये तो बहुधा नसतो. मग अशा दोन अडॅप्टरांचे नाव एकच होते आणि निर्देशिकेत एकच नोंद दिसते. अशा वेळी खाचेच्या स्थानावर आधारलेली ‘बाय-पाथ’ नावे वापरावी लागतात. खाच बदलली की हे नावही बदलते. म्हणून खाचेवर व केबलवर चिठ्ठी चिकटविणे हा जुना उपाय येथे सर्वांत भरवशाचा ठरतो.

द्वार मुळीच उघडत नसेल, तर आधी ‘डीमेसेज’ या आज्ञेने कर्नेलची नोंद पाहतात. अडॅप्टर ओळखला गेला असूनही परवानगी नाकारली जात असेल, तर वापरकर्ता डेबियन वर्गातील प्रणालींवर ‘डायलआउट’ गटात नसणे हे नेहमीचे कारण असते.

काही दोषांचे मूळ मात्र दूर असते. ऑक्टोबर २०१४ मध्ये एफटीडीआयच्या विंडोजसाठीच्या चालक प्रणालीने नकली चिपांचा वस्तू क्रमांक शून्य करून टाकला. असे अडॅप्टर नंतर लिनक्सलाही ओळखता येईनात, म्हणून लिनक्सच्या चालकात त्या शून्याचीही नोंद करण्यात आली. उबुंटूच्या २२.०४ या आवृत्तीत (२०२२) सीएच३४० अडॅप्टर जोडताच दिसून लगेच नाहीसा होई. अंधांच्या ब्रेल पट्ट्यांसाठी असलेला ‘बीआरएलटीटीवाय’ हा कार्यक्रम त्याला ताब्यात घेत असे, कारण अशाच एका ब्रेल उपकरणाचे क्रमांक या चिपचेच होते. तो कार्यक्रम काढून टाकण्याचा सल्ला तेव्हा सर्रास दिला गेला. ब्रेल पट्टी वापरणाऱ्याच्या संगणकावर तो अर्थातच लागू पडत नाही, तेथे केवळ त्या क्रमांकाचा नियम वगळावा लागतो.