डोळ्याचे गूढ आणि इब्नुल हैसम

ज्ञानाच्या सर्व द्वारांत डोळा हे सर्वांत मोठे द्वार होय. परंतु ज्या डोळ्याने आपण जग पाहतो, तो स्वतः कसा पाहतो हे उमगावयास मानवाला जवळजवळ दोन हजार वर्षे लागली. या प्रवासातील मधला मोलाचा टप्पा अरबी भाषेत लिहिणाऱ्या विद्वानांनी गाठला.

डोळ्यांतून किरण बाहेर पडतात व वस्तूला जाऊन भिडतात, म्हणून ती दिसते, असे युक्लिड व टॉलेमी हे ग्रीक पंडित मानीत. वैद्य गेलेन याने डोळ्याच्या पडद्यांचे बारकाईने वर्णन केले होते. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक (809-873) या ख्रिस्ती विद्वानाने गेलेनचे ग्रंथ अरबीत आणले आणि डोळ्यावर दहा प्रकरणांचा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. शिंगासारखे पारदर्शक ते पारपटल म्हणजे ‘करनिया’. जाळ्यासारखे ते दृष्टिपटल म्हणजे ‘शबकिया’. आपल्या उर्दू शाळांतील मुले आजही हेच शब्द वापरतात. लॅटिनमधील ‘कॉर्निया’ व ‘रेटिना’ या नावांतही तेच शिंग आणि तेच जाळे आहे.

बसरा येथे इ. स. 965 च्या सुमारास जन्मलेल्या इब्नुल हैसमने मात्र मूळ सिद्धान्तालाच हात घातला. कैरोत तो टॉलेमीच्या ग्रंथाच्या नकला करून उदरनिर्वाह करी, असे चरित्रकार सांगतात. त्याच टॉलेमीवरील आक्षेपांचा ग्रंथही त्याने लिहिला! ‘किताबुल मनाझिर’ या सात भागांच्या ग्रंथात तो विचारतो : प्रखर सूर्याकडे पाहताच डोळा दुखतो, तो का? अर्थात बाहेरून काहीतरी डोळ्यात शिरते म्हणून. ते म्हणजे प्रकाश. वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून प्रकाश सर्व दिशांना सरळ रेषेत निघतो व डोळ्यात येतो.

केवळ तर्कावर तो थांबला नाही. अंधाऱ्या खोलीच्या बारीक छिद्रासमोर, बाहेर निरनिराळ्या जागी त्याने अनेक दिवे ठेवले. आत भिंतीवर तितकेच उजेडाचे ठिपके उमटले. एक दिवा झाकला की त्याचाच ठिपका नाहीसा होई. एकाच छिद्रातून जाताना प्रकाश एकमेकांत मिसळत नाहीत, हे यावरून सिद्ध झाले.

तथापि एके ठिकाणी तो अडला. प्रतिमा उलटी पडेल, ही अडचण टाळण्यासाठी त्याने भिंगालाच दृष्टीचे स्थान मानले. त्याचा ग्रंथ इ. स. 1200 च्या सुमारास लॅटिनमध्ये गेला व 1572 मध्ये बाझेल येथे छापला गेला. ही परंपरा अभ्यासूनच जर्मन शास्त्रज्ञ केप्लर याने 1604 मध्ये उत्तर दिले : प्रतिमा दृष्टिपटलावरच पडते आणि उलटीच पडते. पुढे शायनरने प्राण्याच्या डोळ्याचे मागील आवरण खरवडून ती प्रतिमा प्रत्यक्ष पाहिली. पारपटल व भिंग प्रकाश वळवून एकत्र आणतात, बाहुली लहानमोठी होऊन त्याचे प्रमाण राखते, दृष्टिपटलावरील कोट्यवधी पेशी त्याचे संदेशांत रूपांतर करतात, मज्जातंतू ते मेंदूकडे नेतात आणि मेंदू त्यांचा अर्थ लावतो, हे आज सर्वमान्य आहे.

2015 हे प्रकाशाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले, तेव्हा जगाने इब्नुल हैसमचे कृतज्ञतेने स्मरण केले. त्याचा अभिमान आपल्याला जरूर असावा. परंतु नुसत्या अभिमानाने प्रयोगशाळेचे कुलूप उघडत नाही. गेलेन ग्रीक, हुनैन ख्रिस्ती, इब्नुल हैसम मुसलमान, केप्लर जर्मन. प्रत्येकाने आधीच्या गुरूचा ग्रंथ आदराने वाचला आणि निर्भयपणे तपासला. हाच त्यांचा खरा वारसा. आपली मुलेमुली मात्र डोळ्याची आकृती परीक्षेपुरती पाठ करतात, नावे लिहितात आणि विसरतात. पुठ्ठ्याचा खोका, सुईने पाडलेले छिद्र, तेलकट कागदाचा पडदा आणि दोन मेणबत्त्या एवढ्या साहित्यात कैरोतील तो प्रयोग आपल्या वर्गात होऊ शकतो. ज्या दिवशी एखादी विद्यार्थिनी त्या पडद्यावरील उलटी ज्योत पाहून “असे का?” म्हणून गुरुजींना विचारील, त्या दिवशी इब्नुल हैसमचे नाव घेण्याचा आपला हक्क सिद्ध होईल.