कारण कोणते, परिणाम कोणता?

आपल्या गळ्यात अवटू म्हणजेच थायरॉइड ग्रंथीच्या मागे मसुराएवढ्या, बहुधा चार, परावटू ग्रंथी असतात. रक्तातले कॅल्शियम घटले की त्यांच्यातून संप्रेरक स्रवते आणि हाडांच्या साठ्यातून कॅल्शियम रक्तात येते. गरज नसताना हे संप्रेरक स्रवत राहिले, तर हाडे ठिसूळ होतात, मूत्रपिंडात खडे होतात.

विसाव्या शतकाच्या आरंभी हाडांच्या रोग्यांत या ग्रंथी वाढलेल्या आढळत. व्हिएन्नाचे याकोब एर्डहाइम यांनी अर्थ लावला, की हाडांच्या रोगाला तोंड देण्यासाठी ग्रंथी वाढतात. काही विकारांत हे खरेही आहे. तेव्हा चारही ग्रंथी वाढतात. पण एकच वाढली असेल तर? तीच रोगाचे मूळ असेल, असे श्लागेनहाउफर यांनी 1915 मध्ये सुचवले.

फेलिक्स मांडल यांच्याकडे हाडे झिजलेला एक ट्राम कंडक्टर आला. प्रचलित मतानुसार त्यांनी आधी त्याच्या शरीरात परावटू ग्रंथींचे रोपण केले. गुण आला नाही. मग 1925 मध्ये त्यांनी वाढलेली ग्रंथीच काढली. वेदना थांबल्या, रोगी चालू लागला. पुढे काही वर्षांनी रोग उलटला, तरी कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली होती, हे सिद्ध झाले.

अमेरिकेतील जहाजाचे कप्तान चार्ल्स मार्टेल यांची उंची या रोगाने सुमारे 7 इंचांनी घटली. गळ्यावरच्या शस्त्रक्रियांत दोषी ग्रंथी सापडेना. गर्भावस्थेत या ग्रंथी वरून खाली सरकत येतात. एखादी छातीतही उतरते. 1932 मध्ये सातव्या शस्त्रक्रियेत ती तिथेच सापडली. पण उशीर झाला होता. काही आठवड्यांतच कप्तान वारले.

तोवर निदान बहुधा हाडांचा विकार किंवा मूत्रपिंडातले खडे झाल्यावरच होई. 1963 मध्ये बर्सन, यॅलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोत्सारी पद्धतीने रक्तातले हे संप्रेरक मोजून दाखवले. पुढे रक्तातील कॅल्शियमची तपासणी सर्रास होऊ लागली आणि लक्षणे नसलेले रोगीही सापडू लागले. आता चित्रण करून दोषी ग्रंथी आधीच शोधतात आणि बऱ्याचदा लहानशा छेदातून काढतात. हे संप्रेरक रक्तात काही मिनिटेच टिकते. त्यामुळे दहा मिनिटांत त्याचे प्रमाण निम्म्याहून खाली आले, की शस्त्रक्रिया साधली असे टेबलावरच समजते.

दोन गोष्टी एकत्र आढळल्या, तर त्यांतली कोणती कशामुळे, हे नुसत्या निरीक्षणाने ठरत नाही. त्यांतली एक बदलून पाहावी लागते. वर्गात कार्यकारणभाव शिकवताना आपल्याला व्हिएन्नाच्या त्या कंडक्टरची गोष्ट जरूर सांगता येईल.