दाविदाची वीणा व मिरजेचा तंबोरा

मेंढरे राखणाऱ्या दाविदाने जे तंतुवाद्य हाती घेतले त्यास हिब्रू भाषेत 'किन्नोर' म्हणत. मराठी शास्त्राच्या भाषांतरकारांनी त्यास 'वीणा' हे नाव दिले, आणि ते यथार्थच होय. पाश्चात्य हार्प आमच्या लासलगावी क्वचितच कोणी पाहिला असेल. वीणा म्हणताच मात्र वारकऱ्याच्या खांद्यावरील वाद्य पोरासोरांसही आठवते.

असली वाद्ये घडविण्याचे महाराष्ट्रातील प्रमुख ठिकाण मिरज. तेथे सुमारे 1850 च्या सुमारास शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी, पटवर्धनांच्या संस्थानात, या विद्येचा पाया घातला. शस्त्रांस धार देणे हा या घराण्याचा पूर्वापार धंदा. फौजांचा काळ सरला, तसा तोही मंदावला. तरवारींचे फाळ होतील, असे यशया संदेष्टा सांगतो; मिरजेत तरवारीस धार देणारे हात तंबोऱ्यास लागले.

हे काम घरोघरी, बापाच्या हाताखाली मुलगा, असे चालत आले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडील भीमाकाठचे मोठे कडू भोपळे आणून, वाळवून, भिजवून कापतात. त्यावर तबली बसवितात, लाकडी गळ्यास दांडी जोडतात, मग खुंट्या, घोडी व चार तारा. शेवटचे काम जवारीचे. घोडीची पाठ कानसेने केसभर घासावयाची व तारेखाली सुताचा दोरा सरकवावयाचा. त्या दोऱ्याने तार गुंजते. येथे माप नाही, कानच गुरू.

सन 1970 नंतरच्या दशकात विजेवर चालणारी तंबोरायंत्रे आली. ती स्वस्त व सोयीची खरी. परंतु त्यामुळे कारागिराच्या मुलास बापाच्या शेजारी बसण्याचे कारण उरत नाही. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास 2024 साली भौगोलिक मानांकन लाभले, हे योग्यच झाले. तथापि मानांकनाने कला जगत नाही, गिऱ्हाइकाने जगते.

यात ख्रिस्तसभेचाही संबंध आहे. फादर स्टीफन्स यांनी ओवीत रचलेले ख्रिस्तपुराण 1616 साली प्रसिद्ध करून या भूमीच्या छंदास शुभवार्तेच्या सेवेस लावले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली उपासनेविषयीच्या आपल्या लेखात त्या त्या देशाच्या संगीतास योग्य मान द्यावा व उपासनेस अनुरूप अशी वाद्ये स्वीकारावीत, असे ठरविले. अनुज्ञा मिळून साठ वर्षे लोटली. मंदिरात तंबोरा किती वेळा वाजतो, हे प्रत्येकाने आपल्या मनास विचारावे.

महोत्सवाच्या पताका चार दिवसांत उतरतील. त्यानंतरही काही उरावे, अशी इच्छा असेल तर आमची विनंती इतकीच: मंडळीने हाताने घडविलेला एक तंबोरा घ्यावा, आणि एखाद्या मुलास तो लावण्यास शिकवावे. नाझरेथच्या सुताराच्या घरी वाढलेल्या प्रभूस, घरच्या कारखान्यात तासलेल्या लाकडाचा नाद परका वाटणार नाही.