मॅटलोविच खटला
* अमेरिकी वायुदलातील सार्जंट लेनर्ड मॅटलोविच, ज्यास व्हिएतनामच्या रणांगणावर ‘ब्राँझ स्टार’ व ‘पर्पल हार्ट’ ही पदके प्राप्त झाली होती, त्याने समलिंगी सैनिकांच्या बडतर्फीचा नियमच न्यायासनापुढे कसास लागावा या हेतूने, वकिलाच्या मसलतीने, १९७५ च्या मार्चमध्ये आपण समलिंगी असल्याचे पत्र वरिष्ठाच्या हाती दिले. त्याच वर्षी त्यास सेवामुक्त करण्यात आले. या नियमास अपवाद करण्याची मुभा होती. ती कोणत्या निकषावर दिली जाते, याचा खुलासा १९७८ साली अपील न्यायालयाने मागितला, व तो समाधानकारक न मिळाल्यामुळे १९८० साली न्यायाधीश गेझेल यांनी पुनर्नियुक्तीचा हुकूम दिला. मात्र मॅटलोविचने १,६०,००० डॉलर स्वीकारून तडजोड केल्याने नियमाच्या घटनात्मक वैधतेचा मूळ प्रश्न अनिर्णितच राहिला. अमेरिकी सैन्यातील समलिंगींवरील हा प्रतिबंध अखेर २०११ साली उठला.