क्लचकडे परत

मिशिगनमधल्या इप्सिलँटी गावाजवळ विलो रन नावाची जागा आहे. दुसऱ्या महायुद्धात फोर्ड कंपनीने तिथे बी-२४ बॉम्बर विमाने बांधली. युद्ध संपल्यावर त्याच छपराखाली कैसर-फ्रेझरच्या मोटारी तयार होऊ लागल्या, आणि १९५३ साली जनरल मोटर्सने तिथे हायड्रा-मॅटिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवायला घेतला. या परिसरात मी बरीच वर्षे राहतो आहे. जीपमधला ऑटोमॅटिक उतरवून तिथे मॅन्युअल बसवण्याची एक प्रथा अमेरिकेत आहे. तिचा इतिहास सांगायचा तर मला विलो रनपासूनच निघावे लागते, कारण जीप आणि ऑटोमॅटिक या दोघांच्या वाटा तिथे एकमेकींना आडव्या गेल्या.

झाले असे की १२ ऑगस्ट १९५३ रोजी लिव्होनियातला हायड्रा-मॅटिकचा कारखाना जळाला. कटिंग टॉर्चची ठिणगी तेलकट तबकात पडली, आग छपरापर्यंत गेली, छपराचे डांबर वितळून खाली ठिबकू लागले आणि काही तासांत अख्खी इमारत गेली. माणसेही दगावली. जनरल मोटर्सच्या अनेक मोटारी या गिअरबॉक्सवर अवलंबून होत्या, त्यामुळे कंपनीला ताबडतोब मोठी जागा हवी होती. कैसरने त्याच वर्षी एप्रिलमध्ये टोलिडोची विलीज-ओव्हरलँड, म्हणजे जीप बनवणारी कंपनी, विकत घेतली होती. विलो रन जनरल मोटर्सकडे गेले आणि कैसरने आपला पसारा तासाभराच्या अंतरावरच्या टोलिडोला, जीपच्या घरी हलवला.

तेव्हाची जीप म्हणजे तीन दांड्यांची गाडी. एक दांडा गिअरचा, दुसरा पुढच्या चाकांना जोर जोडण्याचा, तिसरा हाय-लोचा. गिअर तीनच. युद्धातल्या विलीजमध्ये टी-८४ गिअरबॉक्स होता, नंतरच्या नागरी जीपमध्ये त्याहून दणकट टी-९० आला. टी-९०मध्ये दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला सिंक्रोमेश होता, पहिल्याला नव्हता. गाडी चालती असताना पहिल्यात आणायची तर डबल क्लच मारावा लागे: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून रेस, पुन्हा क्लच आणि मग गिअर. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. महिंद्राने १९४९ साली मुंबईत माझगावला विलीजच्या जीप जोडायला घेतल्या, आणि पुढे त्याच घराण्याची जीप पाटबंधारे खात्यातून आमच्या कोयनेच्या वसाहतीत आली. माझे वडील ती चालवत. कुंभार्ली घाट ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतरायचा, ब्रेकवर उतरायचा नाही, हे ते मला पुन्हा पुन्हा बजावत. पावसाळ्यात त्या घाटात धुके उतरले की पुढचे वळण दिसत नसे आणि इंजिनाचा आवाज हाच काय तो आधार असे. उतार वाढला की आवाज चढायचा, आणि तो ऐकून वडील वळणाआधीच खालचा गिअर घालायचे.

ऑटोमॅटिक म्हणजे शहरी लाड, चिखलाशी त्याचा संबंध नाही, असे आपल्याकडचे जीपवाले अजूनही म्हणतात. इतिहास तसे सांगत नाही. हायड्रा-मॅटिक ज्याच्या हाताखाली घडला तो अर्ल थॉम्पसन हाच सिंक्रोमेशचाही जनक. त्याचा सिंक्रोमेश १९२८ साली कॅडिलॅकमध्ये आला, आणि दातांची खरखर बंद करणारा हा माणूस नंतर क्लचचे पेडलच काढून टाकण्याच्या मागे लागला. १९३९ साली जाहीर झालेला हायड्रा-मॅटिक आधी ओल्ड्समोबिलमध्ये बसला आणि लगेच रणगाड्यांतही गेला. एम-५ स्टुअर्ट या हलक्या रणगाड्यात कॅडिलॅकची दोन इंजिने होती आणि प्रत्येकामागे एकेक हायड्रा-मॅटिक. म्हणजे ज्या युद्धात जीपचा ड्रायव्हर तीन दांडे सांभाळत होता, त्याच युद्धात शेजारचा रणगाडा आपले गिअर आपणच बदलत होता. युद्धानंतर जनरल मोटर्सने रणांगणावर पारखलेला गिअरबॉक्स म्हणून त्याची जाहिरात केली, आणि त्यात खोटे काही नव्हते.

याच इतिहासात परतीची एक मोठी घटनाही आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. कोरियन युद्धाच्या सुमारास अमेरिकी सैन्याने अडीच टनी ट्रक दोन घराण्यांचे घेतले. जीएमसीच्या एम-१३५ आणि एम-२११मध्ये हायड्रा-मॅटिक होता, रिओने आखलेल्या एम-३५मध्ये साधा क्लच आणि मॅन्युअल गिअरबॉक्स. सैन्यात टिकला तो एम-३५, तोही कित्येक दशके. गाडीच्या आयुष्याचा निकाल रस्त्यावर जितका लागतो तितकाच तो दुरुस्तीच्या तंबूत लागतो, असे मी मानतो. मॅन्युअलचे झाकण उघडले की दात, शाफ्ट आणि बेअरिंग समोर दिसतात, काय झिजले ते डोळ्यांना कळते. ऑटोमॅटिकच्या पोटात तेलाच्या वाटांचे चक्रव्यूह असते आणि तिथे स्वच्छ टेबल, दाबमापक आणि जाणकार हात लागतात.

जीपमध्ये ऑटोमॅटिक शिरला तो घरगुती गाडीच्या दारातून. नोव्हेंबर १९६२मध्ये, १९६३चे मॉडेल म्हणून, वॅगोनियर आली. चारही चाकांना जोर आणि सोबत ऑटोमॅटिक, अशी जोडी कारखान्यातूनच घेऊन निघालेली ती पहिली कौटुंबिक गाडी. आधी बोर्ग-वॉर्नरचा गिअरबॉक्स होता, पुढे जनरल मोटर्सचा टर्बो-हायड्रामॅटिक ४०० आला. १९७० साली अमेरिकन मोटर्सने जीप विकत घेतली आणि १९७६मध्ये सीजे-७ आली, ऑटोमॅटिक मिळणारी पहिली सीजे. आधीच्या सीजे-५च्या मानाने तिच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर सुमारे १० इंचांनी जास्त होते, आणि त्या वाढीव जागेतच ऑटोमॅटिकची सोय झाली.

पण आज ज्या गाडीवर ऑटोमॅटिक काढून मॅन्युअल बसवण्याचा बदल सर्वाधिक आवडीने केला जातो ती यातली नाही. ती आहे चेरोकी, जीपवाल्यांच्या तोंडी एक्सजे. १९८४च्या मॉडेलपासून २००१पर्यंत ती टोलिडोत तयार झाली. १९८७मध्ये तिला ४.० लिटरचे सरळ सहा सिलिंडरांचे इंजिन मिळाले आणि त्यामागे दोन पर्याय: आयसिन-वॉर्नरचा चार गिअरचा एडब्ल्यू-४ ऑटोमॅटिक, किंवा प्यूजोचा पाच गिअरचा मॅन्युअल. हा प्यूजोचा गिअरबॉक्स नाजूक निघाला. १९८९मध्ये त्याची जागा आयसिनच्याच एएक्स-१५ने घेतली आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते. एकाच सांगाड्यात, एकाच इंजिनामागे, एकाच कारखान्यात दोन्ही गिअरबॉक्स बसत होते, त्यामुळे एका एक्सजेचे बहुतेक सामान दुसरीला लागते. भंगारात आलेली मॅन्युअल चेरोकी सापडली की तिच्यात गिअरबॉक्सपासून पेडलपर्यंत सगळे मिळते. या बदलाचा धंदा मिशिगन-ओहायोच्या भंगार अंगणांत वाढला तो यामुळे. मोठ्या कंपनीने त्यासाठी कधी काही केले नाही. पाना, जॅक आणि जुन्या गाड्यांची ओळख असलेल्या माणसांनी तो वाढवला.

एडब्ल्यू-४ वाईट होता म्हणून लोक तो काढतात, असे कोणी समजू नये. तो फारच टिकाऊ आहे. खडकावर इंच-इंच सरकताना त्याचा टॉर्क कन्व्हर्टर जोर वाढवून देतो, इंजिन बंद पडत नाही आणि दोन्ही पाय मोकळे राहतात. मोआबच्या किंवा रुबिकॉनच्या खडकांवर अनेक कसलेले चालक ऑटोमॅटिकच पसंत करतात आणि त्यांची कारणे मला पटतात. मॅन्युअलची बाजू उताराला दिसते. एएक्स-१५चा पहिला गिअर ३.८३चा, एडब्ल्यू-४चा २.८०चा. ट्रान्सफर केसचा लो २.७२ आणि अॅक्सल ३.५५ धरला तर एकूण गुणोत्तर एकीकडे जवळजवळ ३७ येते, दुसरीकडे २७. शिवाय मॅन्युअलमध्ये चाक आणि इंजिन यांच्यामध्ये तेल घसरत नाही, धातूला धातू जोडलेला असतो. उभ्या उतारावर लो-फर्स्टमध्ये गाडी सोडली की ती माणसाच्या चालीने उतरते, ब्रेकला पाय न लावता. खडकावर इंजिन बंद पडलेच तर गिअर तसाच ठेवून, क्लच न दाबता, नुसत्या स्टार्टरने गाडी पुढे सरकवता येते. टोयोटाने आपल्या काही फोर-बाय-फोर गाड्यांत यासाठी डॅशबोर्डवर वेगळे बटणच दिले होते. आणि रानात बॅटरी उतरली तर उतारावर धक्का मारून गाडी सुरू होते. ऑटोमॅटिकला ते जमत नाही.

काम कसे होते तेही सांगतो, कारण त्यात कारागिरी आहे. आधी एडब्ल्यू-४चे तेल काढायचे, रेडिएटरकडे जाणाऱ्या त्याच्या नळ्या सोडवायच्या आणि ट्रान्सफर केससह सगळा बोजा जॅकवर खाली घ्यायचा. इंजिनामागची पातळ फ्लेक्सप्लेट जाऊन तिथे जड फ्लायव्हील येते, क्रँकच्या टोकात पायलट बेअरिंग, मग क्लचप्लेट आणि प्रेशर प्लेट. फ्लायव्हीलच्या खाचा वाचून इंजिनाचा सेन्सर ठिणगीची वेळ ठरवतो, म्हणून फ्लायव्हील त्याच काळातल्या इंजिनाचे हवे. खाचांची मांडणी चुकली की इंजिन सुरूच होत नाही. १९९४ आणि त्यानंतरचा एएक्स-१५ शोधावा, कारण त्याचा क्लचचा स्लेव्ह सिलिंडर बेल हाउसिंगच्या बाहेर आहे. आधीच्या गिअरबॉक्समध्ये तो आत असतो आणि गळू लागला की सगळा गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो. ट्रान्सफर केसच्या इनपुट शाफ्टचे दातही मोजून घ्यायचे, जुन्या ऑटोमॅटिकचे २१, एएक्स-१५चे २३. प्रोपेलर शाफ्टची लांबी तपासायची. मजल्यात दांड्यासाठी जागा कापायची, पेडलांचा संच बदलायचा, क्लचचा मास्टर सिलिंडर बसवायचा. शेवटी वायरिंग: न्यूट्रलमध्ये नसताना स्टार्टर अडवणारा स्विच जोडून टाकायचा आणि रिव्हर्सच्या दिव्याची वायर नव्या गिअरबॉक्सवर आणायची.

एक्सजेमध्ये ऑटोमॅटिकचा संगणक इंजिनाच्या संगणकापासून वेगळा आहे. तो काढून ठेवला तरी इंजिन आपले काम करत राहते. या एका रचनेमुळे हा बदल घरच्या गॅरेजमध्ये शक्य झाला. मी माझी चेरोकी अशीच बदलली, एका निवृत्त टूलमेकर शेजाऱ्याच्या मदतीने. त्याने उमेदीची वर्षे ऑटोमॅटिकचे भाग कापण्यात घालवली होती आणि तोच माझ्या गाडीखाली झोपून तो उतरवत होता. क्लच कुठे धरतो हे पायाला कळेपर्यंत इंजिन चालू करू नकोस, आधी नुसते पेडल दाबत बस, असे त्याने मला सांगितले. तसा मी बसलो आणि पेडलच्या वजनावरून वडिलांची जीप आठवली.

टोयोटावाल्यांची वाट थोडी निराळी. अमेरिकेत १९८८ ते १९९० विकलेली एफजे-६२ लँड क्रूझर फक्त ऑटोमॅटिकमध्येच मिळे. ऑस्ट्रेलियासारख्या देशांत त्याच पिढीच्या गाड्यांना एच-५५एफ हा पाच गिअरचा मॅन्युअल होता. तो परदेशातून मागवून बसवणारे लोक इथे पिढीभर होते. कंपनीने एका देशाला जे दिले आणि दुसऱ्याला नाकारले, ते गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने आणले.

२०१८ साली महिंद्राने मिशिगनमध्येच, ऑबर्न हिल्सला, रॉक्सॉर नावाची रस्त्याबाहेर चालवायची गाडी जोडायला सुरुवात केली. डिझेल इंजिन, लोखंडी अंग, सुरुवातीला फक्त पाच गिअरचा मॅन्युअल. टोलिडोहून माझगावला गेलेली जीप इतक्या वर्षांनी टोलिडोच्या शेजारी परतली आणि येताना क्लच घेऊन आली, याचा मला फार आनंद झाला. जीपची मालकी असलेल्या कंपनीने रूपसाधर्म्यावरून महिंद्रावर खटला गुदरला. अमेरिकी खरेदीदारांसाठी पुढे रॉक्सॉरमध्ये ऑटोमॅटिकही आला.

विलो रनचा हायड्रा-मॅटिक कारखाना २०१० साली बंद झाला आणि पुढे इमारतीचा बराच भाग पाडला गेला. एक्सजेचे दिवसही भरत आले आहेत. मॅन्युअल चेरोकी भंगार अंगणात आता क्वचित दिसतात. नव्या गाड्यांत इंजिन, गिअरबॉक्स आणि ब्रेक यांचे संगणक एकमेकांशी सतत बोलतात, त्यातला एक काढला की बाकीचे अडून बसतात, त्यामुळे तिथे हा बदल गॅरेजमधल्या माणसाच्या आवाक्यात राहिलेला नाही. म्हणून कोणी विचारले तर मी सांगतो: गिअरबॉक्सच्या आधी पेडलांचा संच शोधा. गिअरबॉक्सची बेअरिंगे, सिंक्रो रिंगा, क्लचप्लेट आजही नवी मिळतात. पेडलांचा संच तेवढा दुसऱ्या एखाद्या मॅन्युअल चेरोकीतूनच काढावा लागतो.